फॉरमॅट मारण्याआधी

"मॅडम, मशीन लय स्लो झालंय बघा. या आणि एकदा फॉरमॅट मारून द्या."

कराड आणि आसपासच्या गावांत मी ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. शाळा, पतसंस्था, वकील, सीए, एक छापखाना. बहुतेकांशी एएमसी आहे, म्हणजे वर्षाची रक्कम ठरलेली आणि बोलावलं की जायचं. फेरीमागे पैसे नसल्यामुळे परत परत बोलावणं येऊ नये यातच माझा स्वार्थ. फॉरमॅट मारला की काही महिने मशीन पळतं, मग पुन्हा तोच फोन, आणि "माझी ती फाइल कुठं गेली" हे वर. म्हणून फॉरमॅटचं नाव निघालं की मी आधी खुर्ची ओढून शेजारी बसते. म्हणते, तुमचं रोजचं काम चालू द्या, मी नुसतं बघते.

माणसं सुरुवातीला अवघडतात. थोड्या वेळाने माझा विसर पडतो आणि हात मूळ सवयीवर येतो. मग खरं काय ते दिसायला लागतं.

पहिलं दिसतं ते रिफ्रेश. डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. पुन्हा राइट क्लिक, पुन्हा रिफ्रेश. काही जण मशीन सुरू झाल्यावर पाच-सहा वेळा रिफ्रेश केल्याशिवाय कामाला हातच घालत नाहीत. त्याने होतं एवढंच की डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात. मेमरी मोकळी होत नाही, वेग तसूभरही वाढत नाही. फाइल सेव्ह करूनही तिचं चित्र दिसत नसेल तर रिफ्रेश कामाचं, एरवी तो हाताला चाळा. चाळा म्हणून माझी काही हरकत नाही.

हरकत आहे ती दुसऱ्या विधीला. विंडोज आणि आर दाबून रनची चौकट उघडायची, त्यात 'प्रीफेच' लिहायचं, आतल्या सगळ्या फाइली निवडायच्या आणि उडवायच्या. हे कुठल्या ना कुठल्या क्लासमध्ये शिकलेलं असतं, नाहीतर व्हिडिओत पाहिलेलं. प्रीफेच म्हणजे एखादा प्रोग्राम उघडताना कोणकोणत्या फाइली लागतात याची विंडोजने स्वतःसाठी करून ठेवलेली टिपणं. एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, ही सोय आहे. टिपणं हाताशी असली की पुढच्या वेळी प्रोग्राम लवकर उघडतो. वेग वाढावा म्हणून लोक नेमकी तीच पुसतात, आणि विंडोज बिचारं पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतं. टेम्पच्या फाइली काढायला ना नाही. पण सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, तिथलं स्टोरेज सेन्स एकदा चालू केलं की तेही आपोआप होत राहतं. राहता राहिले 'बूस्टर' आणि 'क्लीनर' नावाचे फुकटचे प्रोग्राम. कुणाच्याही मशीनवर बसले की मी आधी तेच काढते.

एका सीएंच्या ऑफिसात साहेबांची शिस्त कडक. संध्याकाळी प्रत्येक मशीन शटडाउन झालंय का हे स्वतः फिरून बघणार, मगच कुलूप. तरी तक्रार अशी की दुपारनंतर मशीन जड होतं आणि स्कॅनर मधूनच सापडेनासा होतो. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. तिथे खाली 'अप टाइम' म्हणून एक आकडा असतो. मशीन शेवटचं नव्याने सुरू झालं त्याला किती काळ लोटला हे तो सांगतो. साहेबांच्या मशीनवर तो तीन आठवड्यांच्या पुढे गेलेला.

"अहो, काल संध्याकाळी मी डोळ्यांनी बंद झालेलं पाहिलंय."

"बंद झालं होतं साहेब. पण पुरतं नाही."

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप आहे. शटडाउन केलं की आपण उघडलेले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की ती फाइल उचलायची आणि मेमरीत ठेवायची. म्हणून मशीन झटकन उभं राहतं. हार्डडिस्कच्या जमान्यात ही मोठी सोय होती. पण स्कॅनरच्या ड्रायव्हरचं मंगळवारी जे बिनसलं असेल ते बुधवारी सकाळी जसंच्या तसं परत हजर होतं. रीस्टार्टचं तसं नाही, त्यात सगळं पाडून नव्याने उभं केलं जातं. लोकांची समजूत याच्या बरोबर उलटी असते. शटडाउन म्हणजे पक्कं आणि रीस्टार्ट म्हणजे तात्पुरतं असंच सगळे धरून चालतात.

तिथे एवढंच ठरवून दिलं की शनिवारी आधी रीस्टार्ट आणि मग शटडाउन. शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं तरी मशीन पुरतं बंद होतं, पण हे लक्षात कोण ठेवणार? एसएसडी असलेल्या मशीनवर मी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूणच काढून टाकते. सकाळचे थोडे सेकंद वाढतात, तेवढे परवडतात.

एसएसडीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. विंडोज १० किंवा ११ जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर चालत असेल तर युक्त्यांचा फार उपयोग नाही. टास्क मॅनेजरमधला डिस्कचा रकाना सकाळी बराच वेळ १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसतो. त्याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या यादीतून नको ते डिसेबल केलं की थोडं हलकं वाटतं, इतकंच. बाकी पैसे एसएसडीवर घालावेत. असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला युक्ती हवी असते, कोटेशन नको असतं.

युक्ती खरी कामाला येते ती माणसाचा हात जिथे रोज अडतो तिथे. आणि हात कुठे अडतो हे त्या माणसाला सांगता येत नाही, कारण त्याला ते अडणं वाटतच नाही, काम वाटतं.

एका हायस्कूलमधल्या भाऊसाहेबांचं उदाहरण घ्या. निवृत्तीला आलेले, अक्षर सुंदर, कॉम्प्युटरशी जेवढ्यास तेवढं. शाळेने जुन्या जनरल रजिस्टरांची पानं स्कॅन करून घेतली होती. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला लोक सारखे येतात, आणि दर वेळी ते जीर्ण रजिस्टर उघडायचं म्हणजे पानांचा भुगा. स्कॅनिंग झालं, पण फाइलींची नावं स्कॅनरने दिलेली, नुसते आकडे. भाऊसाहेब ती बदलत बसले होते. राइट क्लिक, रिनेम, नाव लिहायचं, माउस बाजूला नेऊन रिकाम्या जागी क्लिक, मग चष्मा सावरून पुढची फाइल शोधायची.

"भाऊसाहेब, माउस सोडा जरा. एफ२ दाबा. आता नाव लिहा. एंटर नको, टॅब दाबा."

टॅब दाबताच नाव पक्कं झालं आणि खालच्या फाइलचं नाव निळं होऊन लिहायला तयार झालं. त्यांनी लिहिलं, टॅब. लिहिलं, टॅब. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आयला!" आणि लगेच, "सॉरी हां मॅडम."

यात एकच गोष्ट सांभाळायची. फोल्डर नावाच्या क्रमाने लावलेलं असेल तर नाव बदललेली फाइल उडी मारून भलतीकडे जाऊ शकते, म्हणून आधी तारखेच्या क्रमाने लावून घ्यायचं. आणि नावात तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपण लिहितो तसा दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या एक तारखा एका ठिकाणी गोळा होतात आणि जून २०२३ शोधायला पुन्हा भाऊसाहेबांनाच हाक मारावी लागते.

त्यांचं दुसरं काम म्हणजे मुलांची माहिती ऑनलाइन भरणं. एक्सेलमध्ये यादी तयार. त्यातून नाव कॉपी, ब्राउझरमध्ये जाऊन पेस्ट, परत एक्सेल, आईचं नाव कॉपी, परत ब्राउझर, मग जन्मतारीख, मग आधार. एका मुलामागे एवढ्या येरझारा, आणि वर्ग ६० मुलांचा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून कॉपी केलेल्या गोष्टींची यादी राहते. विंडोज आणि व्ही दाबायचं. पहिल्यांदा विंडोज परवानगी मागतं, ती दिली की झालं. मग एक्सेलमध्येच बसून चारही गोष्टी एकामागून एक कॉपी करायच्या, फॉर्मवर यायचं आणि विंडोज-व्ही करून हवी ती उचलायची. यादीत २५ गोष्टी मावतात. शाळेचा पत्ता किंवा यूडायस क्रमांक पिन करून ठेवला तर तो मशीन रीस्टार्ट केलं तरी जात नाही.

जोखीम आहे, तीही तिथल्या तिथे सांगावी लागते. त्या यादीत मुलांचे आधार क्रमांक पडून राहतात आणि भाऊसाहेब चहाला जाताना मशीन उघडं टाकून जातात. म्हणून उठताना विंडोज आणि एल, आणि काम संपल्यावर यादीतलं 'क्लिअर ऑल'. पासवर्ड तर या वाटेने कॉपी करूच नये.

हे सगळं मी एका दिवसात सांगितलेलं नाही. एफ२ एका फेरीत, विंडोज-व्ही बऱ्याच नंतर. एका फेरीला एकच कळ सांगायची असा माझा नेम आहे, आणि ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवायची. व्हॉट्सॲपवर पन्नास शॉर्टकटची यादी फिरत असते. लोक ती भक्तिभावाने सेव्ह करतात, पुढे पाठवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राइट क्लिक करून कॉपी करतात. त्या पन्नासांतल्या पंचेचाळीस कळांचं त्यांच्या टेबलावर कामच नसतं, आणि उरलेल्या पाच त्या गर्दीत हरवतात.

वकिलांच्या ऑफिसात तर वेगळीच तऱ्हा. साहेब खरेदीखताचा मसुदा करत होते. जुन्या दस्ताची पीडीएफ मशीनवरच होती, तरी ज्युनिअरने आधी तिची प्रिंट काढली. मी विचारलं, कशाला? तर म्हणे चतुःसीमा बघून लिहायच्या असतात, दोन्ही समोर लागतात. पूर्वेस कुणाची मिळकत, पश्चिमेस ओढा की रस्ता, गट नंबर, हिस्सा, क्षेत्र. एक आकडा चुकला तर पुढे चूकदुरुस्ती दस्ताचा खर्च. म्हणून ज्युनिअर मोठ्याने वाचतो, साहेब टाइप करतात, आणि त्यासाठी रोज रिमच्या रिम कागद. मी पीडीएफ उघडून विंडोजबरोबर डावा बाण दाबला, ती स्क्रीनच्या डाव्या अर्ध्यात जाऊन बसली. वर्डला उजवा बाण. दोन्ही शेजारी शेजारी.

"हे नवीन आलंय का?"

"विंडोज ७ पासून आहे साहेब. २००९."

ज्युनिअरकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती बघून मला त्या पोराची दया आली. प्रिंटा कमी झाल्या. थांबल्या मात्र नाहीत. साहेबांना महत्त्वाचा दस्त कागदावर पेनने खुणा करतच वाचायचा असतो, आणि त्याबाबत मी त्यांच्या बाजूची आहे.

प्रिंटावरून पतसंस्था आठवली. तिथला प्रिंटर दोन खोल्यांना मिळून एक. कुणाची तरी प्रिंट अडकते, रांगेत 'डिलीटिंग' असं दिसतं आणि तासभर तसंच दिसत राहतं. मग जो तो प्रिंटर बंद-चालू करतो, केबल काढून घालतो, शेवटी मशीन रीस्टार्ट करतो, तरी ती प्रिंट तिथेच. कारण पाठवलेली प्रिंट डिस्कवर फाइल म्हणून लिहिलेली असते. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर. रीस्टार्ट केलं तरी फाइल जागेवर आणि म्हणून दुखणंही जागेवर. उपाय असा की सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, ते फोल्डर रिकामं करायचं, स्पूलर पुन्हा चालू करायचा. फोल्डर तेवढं राहू द्यायचं, आतल्या फाइलीच काढायच्या.

दर वेळी एवढं कोण करणार? मी या तीन कामांच्या तीन ओळींची बॅच फाइल केली आणि तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ला खूण करावी लागते, नाहीतर स्पूलर थांबायला तयार होत नाही. नाव दिलं 'प्रिंटर मोकळा करा'. आता ती फाइल सगळ्यांत जास्त चालवतात ते तिथले शिपाईमामा. प्रिंट अडकली की मॅनेजरसुद्धा मामांना हाक मारतात. मामा आधी दोन्ही खोल्यांत ओरडून विचारतात, "कुणाची प्रिंट राहिलीय का? सगळ्यांच्या जाणार बघा!" हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. एकदा कुणाचं तरी लेजर रांगेतून उडालं आणि मामांनी बोलणी खाल्ली, तेव्हापासूनची ती घोषणा आहे.

छापखान्यातलं दुखणं मात्र कळा दाबून जाणारं नव्हतं. लग्नपत्रिकांचं वीसेक वर्षांचं काम एका मशीनवर साठलेलं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरलीच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका धाकटीची करा. थोरलीचं लग्न कधी झालं, तर "झाली की सात-आठ वर्षं". मालक विंडोजच्या सर्चमध्ये आडनाव टाकायचे आणि काहीच सापडायचं नाही. ते म्हणायचे, विंडोजला मराठी येत नाही.

विंडोजला मराठी विंडोज २००० पासून येतं. मंगल हा देवनागरी फॉन्ट तेव्हापासून सोबत यायचा. एक्सपीमध्ये मात्र भारतीय लिप्यांसाठी एक खूण वेगळी करावी लागायची आणि ती केली की मशीन विंडोजची सीडी मागायचं, म्हणून तेव्हा ती सीडी कायम माझ्या पिशवीत असायची. छापखान्याची अडचण निराळी होती. त्यांचं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. त्या फॉन्टांत आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर फक्त मराठी अक्षरांचा अंगरखा चढवलेला. आपल्याला 'शिंदे' दिसतं, मशीनला भलतीच काहीतरी रोमन गिचमीड दिसते. सर्च करणार कशात? वर फाइलींची नावं म्हणजे 'न्यू', 'न्यू१', 'फायनल', 'फायनल फायनल'.

जुनं काम युनिकोडमध्ये बदलून घ्या असं सांगणं सोपं होतं. पण त्यांचा ऑपरेटर रेमिंग्टनच्या पद्धतीने न बघता टाइप करतो, पत्रिका बघता बघता उठवतो, आणि त्याच्या हाताला हात लावायची माझी इच्छा नव्हती. मी फक्त फाइलींची नावं धरली. नाव मराठीत, युनिकोडमध्ये: दोन्हीकडची आडनावं, गाव, वर्ष. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटने आलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडून दिला. विंडोज आणि स्पेस दाबलं की कीबोर्ड बदलतो, रोमनमध्ये उच्चार लिहिला की मराठी उमटतं. दोन-तीन शब्दांपुरतं ते ऑपरेटरलाही चाललं. जुन्या फाइलींपैकी गिऱ्हाईक जी मागेल तिचं नाव त्याच वेळी बदलायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

त्यातही एक खोच निघाली. आमच्याकडे कुऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावं पुष्कळ. कुणी ती साध्या रफाराने लिहितो, कुणी अर्ध्या चंद्रासारख्या ऱ्हने. माणूस दोन्ही वाचून घेतो. सर्चच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं, एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. मालकांच्या मुलाला इनस्क्रिप्ट येतं. त्यात शिफ्टबरोबर जे दाबलं की नुक्त्याचा र येतो, मग डीने पाय मोडायचा, मग यूने ह. असा तो ऱ्ह बरोबर उमटतो. आता ही आडनावं आली की ऑपरेटर मुलाला हाक मारतो, आणि मुलगा या कामाचे वेगळे पैसे मागतो.

अलीकडे सगळीकडे एकच विषय आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझ्या गिऱ्हाइकांकडे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालती मशीनं भरपूर आहेत. आडवाटेने ११ चढवून देणारे गावात आहेत, मी ते करत नाही. जिथे पैशांचे व्यवहार होतात तिथे नवं मशीन घ्यायला सांगते, आणि जुनं नेट काढून नुसत्या स्कॅनिंगला ठेवते. नव्या मशीनवर गेल्या गेल्या टास्कबारच्या सेटिंगमधून स्टार्टचं बटण मधून डावीकडे आणून देते, नाहीतर त्याच एका गोष्टीसाठी दिवसभर फोन येत राहतात. राइट क्लिकचा मेनू छोटा झालाय, त्यासाठी शिफ्ट दाबून राइट क्लिक करा म्हणून सांगते, जुना मेनू थेट उघडतो. भाऊसाहेबांनी एवढंच विचारलं, "एफ२ आहे ना यात?" आहे म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही.

पतसंस्थेच्या मॅनेजरनी मात्र परवा नवीनच मागणी काढली. सगळ्या शॉर्टकटची यादी करून द्या, लॅमिनेशन करून प्रत्येक टेबलावर लावतो. मी म्हटलं, यादी नको, मार्चएंडला मला एक दिवस तुमच्या क्लार्कांशेजारी बसू द्या.

"मार्चएंडला? मॅडम, तेव्हा आम्हाला जेवायला वेळ नसतो."

"म्हणूनच म्हणते."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी २८ मार्चला संध्याकाळी सहानंतर, एकाच टेबलाशी, आणि कुणाशी बोलायचं नाही या अटीवर कबूल झाले. लॅमिनेशनचं मशीन ते तरीही विकत घेणार आहेत.